शिणाची इशारा पातळी

पावसाळ्यात कोल्हापुरातील कोणत्याही चौकात पाच मिनिटे उभे राहा. दोन आकडे तुमच्या कानांवर पडल्यावाचून राहणार नाहीत : ३९ आणि ४३. पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे आणि तेथे नदीच्या पाण्याची उंची मोजली जाते. ती ३९ फूट झाली की नदीने 'इशारा पातळी' गाठली असे जाहीर होते. ४३ फूट झाली की 'धोका पातळी'. आता ३९ फुटांना काही शहर बुडत नाही. मग हा आकडा जाहीर करायचा तरी कशासाठी? कारण त्यानंतरचे चार फूट चढायला पाण्याला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात चिखली, आंबेवाडीसारख्या गावांतील माणसे व जनावरे हलवता येतात. पाणी घरात शिरल्यावर ते किती फूट आहे हे कळून काय उपयोग?

नदीला जशी इशारा पातळी असते, तशी माणसाच्या शिणाला असू शकेल का? आणि असलीच, तर ती मोजायची कोणत्या पट्टीने? विद्यार्थी मित्रांनो, आज आपण या प्रश्नाकडे मोजमापाच्या शास्त्राच्या दृष्टीने पाहू या. हा प्रश्न सर्वांत निकडीचा ठरतो तो रुग्णालयात काम करणाऱ्या माणसांबाबत, म्हणून उदाहरणेही तेथलीच घेऊ.

कोरोनाचे दिवस तुम्हांला आठवत असतील. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. आशा कार्यकर्त्या आणि त्यांचे सहकारी दारोदार जाऊन घरातील प्रत्येकाचे तापमान आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजत होते. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सी.पी.आर.मध्ये, परिचारिका संरक्षक पोशाख चढवून तासन् तास उभ्या होत्या. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट इतरत्र ओसरू लागली, तरी कोल्हापूर जिल्ह्यात ती रेंगाळली. १५ जूनपासून राज्यभरातील आशा कार्यकर्त्या वाढीव मोबदल्यासाठी संपावर गेल्या. जुलैच्या अखेरीस पंचगंगेने धोका पातळी ओलांडली, पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि त्याच आरोग्य कर्मचाऱ्यांपुढे साथीबरोबर महापूरही उभा राहिला.

इतरांचा ताप मोजणाऱ्या या माणसांच्या हाती तापमापक होता. त्यांचा स्वतःचा शीण मोजायला कोणाच्या हाती काय होते?

एक शीण आणि दुसरा शीण

प्रथम आपण काय मोजणार आहोत ते ठरवू. मोजमापाचा हा पहिलाच नियम आहे. वजन मोजायचे की आकारमान, हे न ठरवता तराजू हाती घेऊन चालत नाही.

कोल्हापूरच्या तालमीत पहाटे जोर-बैठका काढणारा पैलवान तासाभरात घामाघूम होऊन आखाड्यातल्या मातीवर अंग टाकतो. तो थकलेला असतो यात शंका नाही. पण खुराक आणि झोप मिळाली, की संध्याकाळी तो पुन्हा शड्डू ठोकून उभा! हा शीण निरोगी होय. तो विश्रांतीने जातो. इतकेच नव्हे, तर पैलवानाचे बळ वाढते ते याच श्रम-विश्रांतीच्या आलटून-पालटून होणाऱ्या चक्राने.

दुसरा शीण वेगळा. तो साचतो. आज थोडा उरला, उद्या त्यात भर पडली, परवा आणखी. एक दिवसाची सुट्टी घेतली तरी तो जात नाही. १९७४ साली न्यूयॉर्कमधील हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने अशा शिणावर एक लेख लिहिला. तेथील मोफत दवाखान्यात व्यसनाधीन तरुणांची सेवा करणारे स्वयंसेवक कालांतराने जणू आतून विझून जातात, असे त्याला दिसले होते. त्याने या अवस्थेला 'बर्नआउट' म्हटले. चूल धडधडून पेटली, सरपण संपले, मागे राख उरली, असे ते चित्र आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची तीन लक्षणे दिली आहेत. एक, शक्ती संपल्याची भावना. दोन, कामापासून मन तुटणे, त्याचा उबग येणे. तीन, आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. रुग्णालयात दुसरे लक्षण कसे दिसते? नऊ नंबरच्या खाटेवर एक आजोबा आहेत, त्यांना नाव आहे, गाव आहे, हे हळूहळू दिसेनासे होते. उरतो तो फक्त 'नऊ नंबर'. असे वाटू लागलेली परिचारिका वाईट नसते. बऱ्याचदा तीच एके काळी सर्वांत जीव ओतून काम करणारी असते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही अवस्था त्या वर्गीकरणात 'आजार' म्हणून नोंदलेली नाही. कामाच्या जागी जो ताण दीर्घकाळ आवरला गेला नाही, त्याचा तो परिणाम आहे असे तेथे म्हटले आहे. म्हणजे शीण माणसात दिसतो, पण त्याचे मूळ कामाच्या रचनेत असते.

पदार्थविज्ञानातले एक उदाहरण पहा. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच एका जागी पुन्हा पुन्हा इकडे-तिकडे वाकवा. काही वेळाने ती पट्कन तुटते. याला धातूची थकवण म्हणतात. आगगाडीचे आस अशा थकवणीने मोडू लागले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने वर्षानुवर्षे प्रयोग करून तिचे नियम शोधले. माणूस आणि तार यांच्यात मात्र एक मोलाचा फरक आहे. तारेला कितीही दिवस पेटीत ठेवून विश्रांती दिली, तरी तिच्यात पडलेली सूक्ष्म चीर सांधत नाही. माणसाची सांधते. म्हणूनच माणसाच्या बाबतीत वेळेवर मिळालेला इशारा वाया जात नाही.

तापमापकाविना मोजमाप

शीण डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला फूट-इंच नसतात. मग मोजायचे कसे? उपाय एकच : ज्याचा शीण त्यालाच विचारायचे. पण 'तू थकलास का?' असे विचारले तर उत्तर येईल 'हो' किंवा 'नाही', आणि दोघांचे 'हो' सारखे नसेल.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील ख्रिस्तिना मास्लाक यांनी सुसान जॅक्सन यांच्यासह १९८१ साली यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. त्यांच्या प्रश्नावलीत २२ विधाने आहेत : नऊ भावनिक दमणुकीविषयी, पाच माणसांपासून मन तुटण्याविषयी आणि आठ आपल्या कामातील समाधानाविषयी. प्रत्येक विधानापुढे 'असे किती वेळा वाटते?' ते लिहायचे. कधीच नाही म्हणजे ०, आणि रोज वाटत असेल तर ६.

यातली खुबी तुमच्या ध्यानात आली का? 'किती थकलास?' हा प्रश्न तीव्रतेचा आहे, आणि तीव्रतेची पट्टी प्रत्येकाच्या मनात निराळी असते. 'किती वेळा?' हा प्रश्न मोजणीचा आहे. आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच, मग उत्तर देणारा कोणीही असो. आंदोलकाचा आवर्तकाल काढताना आपण वीस आंदोलने मोजतो ना? मोजणी ही माणसाला जमणारी सर्वांत भरवशाची मापनक्रिया आहे. मास्लाक यांनी भावनेला मोजणीच्या जवळ आणले.

तरीही ही पट्टी लाकडी फूटपट्टीसारखी नाही. नऊ विधानांचे जास्तीत जास्त गुण ५४. एकीचे गुण ४० आले आणि दुसरीचे २०, म्हणजे पहिली दुप्पट शिणली आहे असे म्हणता येत नाही. ४० अंश सेल्सिअसचे पाणी २० अंशांच्या पाण्याच्या दुप्पट गरम असते का? नाही; कारण सेल्सिअसचे शून्य हे उष्णतेचे खरे शून्य नव्हे. शिणाचे खरे शून्य तर कोणालाच सापडलेले नाही. अशा पट्टीवर 'अधिक' आणि 'उणे' सांगता येते. 'किती पट' सांगता येत नाही.

रेषा कोठे आखायची?

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची रेषा आहे. पाणी किती चढले की कोणता रस्ता बंद होतो, हे तेथे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. रेषेला अनुभवाचा आधार आहे. शिणाच्या पट्टीवर ती कोठे आखायची?

अनेक अभ्यासकांनी भावनिक दमणुकीचे २७ वा अधिक गुण म्हणजे 'जास्त' असे धरले. ५४ चे बरोबर निम्मे. हा २७ आला कोठून? सुरुवातीच्या काळात ज्यांनी प्रश्नावली भरली, त्यांचे गुणांनुसार तीन सारखे भाग केले गेले. वरचा तिसरा हिस्सा 'जास्त' ठरला. आता विचार करा. तुमच्या वर्गातील मुलांना उंचीप्रमाणे उभे केले आणि वरच्या तिसऱ्या हिश्शाला 'उंच' म्हटले, तर कोणत्याही वर्गात एक तृतीयांश मुले 'उंच' निघणारच; मग तो वर्ग पहिलीचा असो वा दहावीचा! अशी रेषा क्रम सांगते, धोका सांगत नाही. पुढे या प्रश्नावलीच्या कर्त्यांनी आपल्या पुस्तिकेतून या रेषा काढूनच टाकल्या.

रेषा सैल असली की काय होते, त्याचा पुरावा २०१८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. डॉक्टरांमधील बर्नआउटवरचे ४५ देशांतील १८२ अभ्यास तेथे एकत्र तपासले होते. त्यांत मिळून १,०९,६२८ डॉक्टर होते. बर्नआउट झालेल्यांचे प्रमाण किती निघाले असेल? काही अभ्यासांत ० टक्के, तर काहींत ८०.५ टक्के! आणि 'बर्नआउट म्हणजे काय' याच्या व्याख्या आढळल्या किमान १४२. शीण खोटा आहे असा याचा अर्थ नाही. एकाच शेताची लांबी कोणी हातांनी मोजली, कोणी पावलांनी, कोणी काठीने, आणि सर्वांनी नुसतेच आकडे लिहिले, तर जसे होईल तसे हे झाले.

म्हणून वर्तमानपत्रात 'इतके टक्के परिचारिका बर्नआउटग्रस्त' असे वाचाल, तेव्हा पहिला प्रश्न विचारा : पट्टी कोणती, आणि रेषा कोठे?

एकच गट, तीन आकडे

आपल्या देशातीलच एक पाहणी घेऊ. २०२० साली, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, भारतातील आरोग्य कर्मचाऱ्यांना एक प्रश्नावली पाठवली गेली. या पाहणीत नाशिकच्या डॉक्टरांचा पुढाकार होता. २,०२६ जणांनी उत्तरे दिली. पट्टी होती कोपनहेगनची : डेन्मार्कमध्ये तयार झालेली आणि कोरोनाच्या परिस्थितीसाठी थोडी बदललेली. तिच्यात प्रत्येक उत्तराला ०, २५, ५०, ७५ किंवा १०० गुण मिळतात, आणि सरासरी ५० वा त्याहून अधिक आली की इशारा समजायचा.

निष्कर्ष असे आले. व्यक्तिगत शीण ४४.६ टक्के लोकांत. कामामुळे आलेला शीण २६.९ टक्के लोकांत. आणि महामारीमुळे आलेला शीण ५२.८ टक्के लोकांत. माणसे तीच, प्रश्नावली तीच, तरी आकडे तीन! कारण प्रश्न तीन होते. 'तुम्ही शिणला आहात का?', 'कामाने शिणला आहात का?' आणि 'या साथीने शिणला आहात का?' ही तीन निराळी मापे आहेत. आणखी एक बाब येथे दिसली. महामारीचा शीण डॉक्टरांपेक्षाही सहायक कर्मचाऱ्यांत अधिक आढळला. रुग्णालयात ज्यांना आपण 'मावशी' आणि 'मामा' म्हणून हाक मारतो, ज्यांची नावे सहसा आपल्याला ठाऊक नसतात, त्यांच्याविषयी हा आकडा बोलतो. मोजले नसते, तर तो कोणाला दिसला असता?

हे आकडे वाचतानाही सावध राहायला हवे. ज्यांना उत्तर द्यावेसे वाटले त्यांचीच उत्तरे यात आहेत. जो अगदी गळून गेला होता, त्याला प्रश्नावली उघडण्याचेही त्राण नसेल. ज्याला काहीच त्रास नव्हता, त्याने ती बाजूला सारली असेल. दोन्ही बाजूंचे लोक निसटू शकतात.

चाळणीचे गणित

शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते. भिंतीवरचा तक्ता वाचायला लावतात. खालची ओळ वाचता आली नाही म्हणून तेथेच कोणी तुम्हांला चष्मा देत नाही. नेत्रतज्ज्ञाकडे जायला सांगतात. अशा पहिल्या तपासणीला चाळणी तपासणी म्हणतात. शिणाची प्रश्नावली हीदेखील चाळणीच आहे. पिठाची चाळण फार बारीक घेतली तर कोंड्याबरोबर चांगले पीठही वर राहते. फार मोठ्या भोकांची घेतली तर कोंडा खाली जातो. दोन्ही चुका शून्य करणारी चाळण नसते.

आता गणित करू. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत. समजा, एका रुग्णालयात २०० कर्मचारी आहेत आणि त्यांतील ४० जण खरोखर शिणलेले आहेत. चाळणी अशी, की शिणलेल्या १०० पैकी ८० जणांना ती पकडते आणि न शिणलेल्या १०० पैकी ८० जणांना ती बिनचूक सोडून देते.

शिणलेल्या ४० पैकी ३२ सापडतील, ८ निसटतील. न शिणलेल्या १६० पैकी १२८ सुटतील, पण ३२ विनाकारण अडकतील. चाळणीवर एकूण राहिले ३२ + ३२ = ६४. म्हणजे इशारा मिळालेल्यांपैकी निम्मेच खरे!

तीच चाळणी आता अशा रुग्णालयात लावा, जेथे २०० पैकी केवळ १० जण शिणलेले आहेत. सापडतील ८, आणि उरलेल्या १९० पैकी ३८ विनाकारण अडकतील. इशारा ४६ जणांना, त्यांतील खरे फक्त ८. चाळणी बदलली नाही, पीठ बदलले.

यावरून दोन धडे मिळतात. पहिला, चाळणीवर राहिलेल्या कोणाच्याही कपाळावर शिक्का मारू नये. जाणकाराने त्याच्याशी शांतपणे बोलावे. त्याला झोप कमी पडते आहे की घरी काही दुःख घडले आहे, बर्नआउट आहे की उपचार हवेत असे नैराश्य, हे त्या बोलण्यातून उलगडते. गुणांच्या बेरजेतून नव्हे. दुसरा धडा, चाळणीतून खाली गेलेला प्रत्येक जण ठीक आहे असेही समजू नये. ते ८ जण आठवा.

माणूस तापला की खोली?

मग इतक्या चुका होणाऱ्या साधनाचा उपयोग काय? येथे प्रयोगशाळेतला एक नियम मदतीला येतो. व्हर्नियरने तारेचा व्यास आपण एकदाच मोजत नाही. पाच-सहा वेळा मोजून सरासरी घेतो. प्रत्येक वाचनात थोडी चूक असते, पण एकात ती जास्तीकडे तर दुसऱ्यात कमीकडे असते. सरासरीत त्या एकमेकींना खोडतात. तसेच एका परिचारिकेचे गुण फसवे असू शकतात. वीस परिचारिकांची सरासरी सहसा तितकी फसवी नसते.

समजा, एका वॉर्डातील २० पैकी १७ जणींचे गुण रेषेच्या वर गेले आणि शेजारच्या वॉर्डात तिघींचेच गेले. आता शोध कोणाचा घ्यायचा? सतरा जणी एकदम 'मनाने दुबळ्या' झाल्या असे म्हणायचे, की त्या वॉर्डाची रात्रपाळी कोणी, कशी लावली हे पाहायचे? एका भांड्यातला तापमापक चढला तर भांडे तापले. खोलीतले सगळेच चढले तर खोली तापली आहे.

मात्र एक चूक सरासरीने जात नाही. व्हर्नियरचे शून्यच सरकलेले असेल, तर हजार वाचने घेतली तरी प्रत्येकात तीच चूक राहते. प्रश्नावलीचे शून्य कशाने सरकते? भीतीने. खरे लिहिले तर बढती अडेल, बदली होईल, साहेब रागावतील, असे वाटले की सर्वच जणी 'कधीच नाही' वर खूण करतात. आकडे सुंदर येतात आणि सपशेल खोटे असतात. म्हणून कागदावर नाव नको, आणि वरिष्ठाच्या हाती एकेकीचा कागद नको. गुप्तता हा येथे निव्वळ सौजन्याचा भाग नाही. व्हर्नियरची शून्य त्रुटी तपासण्याइतकाच तो मोजमापाचा भाग आहे.

इशारा मिळाल्यावर

राधानगरी धरणाची एक गंमत तुम्ही ऐकली असेल. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला चढले की ते पाण्याच्याच दाबाने आपोआप उघडतात. मोजमाप आणि कृती तेथे एकाच यंत्रात बसवलेली आहेत. कागदी प्रश्नावलीला असे दरवाजे नसतात. ते कोणीतरी उघडावे लागतात.

१९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी चाळणी तपासणीचे दहा नियम लिहिले. त्यांचे सार सांगायचे तर, जे सापडेल त्यावर उपाय असेल आणि तो करण्याची सोय असेल, तरच शोधायला जावे. हा नियम शिणाला लावून पहा. पाळ्या बदलायच्या नाहीत, रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, विसाव्याला खोली द्यायची नाही आणि वर दर सहा महिन्यांनी 'तुम्हांला किती वेळा गळून गेल्यासारखे वाटते?' असे विचारायचे, ही तपासणी नव्हे, थट्टा आहे.

उपाय चालतो का? याचाही प्रयोग झाला आहे. बॉस्टनमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नवशिक्या डॉक्टरांना काही काळ नेहमीच्या, सलग चोवीस तासांहून लांब पाळ्या दिल्या, तर काही काळ अशा पाळ्या काढून टाकल्या. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : लांब पाळ्यांच्या वेळी गंभीर चुका सुमारे ३६ टक्के अधिक झाल्या. त्याआधी १९९७ साली ऑस्ट्रेलियात असे दिसले होते, की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाच्या हात आणि डोळे यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याने चालणारी मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्याच्या हाती आपण स्कूटर द्यायला कचरू, त्याच्या हाती सलाईनची सुई असते!

आपल्या देशात केंद्र सरकारच्या १९९२ सालच्या निवासी डॉक्टरांच्या योजनेत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. प्रत्यक्षात ती फार ठिकाणी कागदावरच राहिली. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने शिफारस केली ती आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची आणि एक दिवस सुट्टीची. आठवड्याचे तास १६८. त्यांतून ७४ वजा केले, उरले ९४. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले, उरले ३८. रोजचे साडेपाच तासही नाहीत. आणि तेवढ्यात जेवण, अंघोळ, येणे-जाणे, घरच्यांशी बोलणे आणि पदव्युत्तर परीक्षेचा अभ्यास! ही मर्यादा पाळली गेल्यावरचा हिशेब आहे, हे विसरू नका.

ज्या एकट्या माणसाला आज मदत हवी आहे, त्याने मात्र व्यवस्था सुधारण्याची वाट पाहत बसू नये. केंद्र सरकारने २०२२ साली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते. तुमच्या घरात कोणी रुग्णालयात काम करत असेल, तर हा क्रमांक त्यांना जरूर सांगा.

करून पहा

शीण दोन रीतींनी मोजण्याचा हा सोपा प्रयोग घरी किंवा वर्गात करता येईल. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाशी उभी धरायला सांगा. पट्टीच्या शून्याशी तुमचा अंगठा आणि बोट न टेकवता उघडे ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही ती पकडायची. जेथे पकडली तेथील अंतर लिहा. पट्टी मुक्तपणे पडते, म्हणून अंतर = १/२ × g × वेळेचा वर्ग, हे सूत्र वापरून प्रतिक्रियेला लागलेला वेळ काढता येतो. १५ सेंटिमीटरला वेळ येतो ०.१७५ सेकंद, २० ला ०.२०२ आणि २५ ला ०.२२६ सेकंद. दहा वेळा करून अंतरांची सरासरी घ्या.

हे सकाळी ताजेतवाने असताना एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा, असे आठवडाभर करा. मुद्दाम जागरण मात्र करू नका. प्रत्येक वेळी पट्टी हाती घेण्याआधी 'आज मी किती दमलो आहे?' याचा ० ते ६ मधला एक आकडा लिहून ठेवा. शेवटी आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर हा आकडा आणि उभ्या अक्षावर वेळ घेऊन बिंदू मांडा.

बिंदू एका सरळ रेषेत येणार नाहीत. काही दिवशी मन 'दमलो' म्हणेल आणि हात चपळ असेल. काही दिवशी याच्या उलट होईल. यांपैकी कोणते माप चुकले, यावर वर्गात चर्चा करा, आणि आपण मोजले ते नेमके काय होते, या प्रश्नापासून तिची सुरुवात करा.